खलनायकाची कैफियत

हिरोमु अराकावा यांच्या ‘फुलमेटल अल्केमिस्ट’ या जपानी चित्रकथेत, उत्तरेकडच्या एका ओस पडलेल्या खाणगावात विन्री नावाची कोवळ्या वयाची मुलगी एका जखमी कैद्यासमोर येऊन उभी राहते. तिच्या आईवडिलांचा खून याच माणसाने केला आहे. तो ते नाकारत नाही, सबबही सांगत नाही. विन्री खाली बसते आणि त्याच्या वाहत्या जखमेला पट्टी बांधते. आपले आईवडील डॉक्टर होते, ते असते तर त्यांनीही हेच केले असते, एवढेच तिचे म्हणणे. मात्र आपण माफ केलेले नाही, हेही ती त्याला तिथेच सुनावते.

त्या कैद्याला कथेत सगळे स्कार म्हणतात, कपाळावरच्या मोठ्या व्रणामुळे. अमेस्ट्रिस या लष्करी देशाने त्याच्या इश्वाली लोकांचा जवळजवळ निर्वंश केला. त्या संहारासाठी देशाने आपले सरकारी किमयागार रणांगणात उतरवले होते, आणि आता स्कार त्यांना एकेक करून गाठतो आणि मारतो. विन्रीचे आईवडील त्या युद्धात इश्वाली जखमींवर उपचार करत होते. स्कारलाही त्यांनीच वाचवले होते. शुद्धीवर येताना त्याला समोर फक्त शत्रूच्या वंशाचे चेहरे दिसले आणि त्या उन्मादात त्याने दोघांना ठार केले. त्याचा राग खरा आहे, त्याच्यावरचा अन्याय खरा आहे आणि ते दोन खूनही तितकेच खरे आहेत. अराकावा यांनी २००१ ते २०१० अशी नऊ वर्षे, २७ खंडांत ही कथा सांगितली. या तिन्हींपैकी एकही गोष्ट त्यांनी कुठे सौम्य केली नाही.

अद्भुतरम्य चित्रकथांमधल्या करड्या छटेच्या खलनायकाचा विचार विन्रीच्या त्या पट्टीपासून सुरू करावा. या खलनायकाची गेल्या चाळीस वर्षांत चलती आहे. निव्वळ दुष्ट, खदाखदा हसणारा राक्षस आता वाचकाला पुरत नाही, हे लेखक आणि संपादक दोघांनाही कळून चुकले आहे. त्यामुळे एक सोपा उपाय रूढ झाला : खलनायकाला दुःखी बालपण द्यायचे. मेलेली आई, जळालेले गाव, हसणारे शेजारी. दहा-बारा पाने भूतकाळात जायचे, वाचकाच्या डोळ्यांत पाणी आणायचे आणि परत यायचे. हा उपाय पुष्कळदा फसतो. असा लेखक खलनायकाची कैफियत मांडायला बसतो आणि नकळत त्याची शिक्षाही माफ करून टाकतो. कैफियत ऐकून घेणे वेगळे, माफी देणे वेगळे. ज्या चित्रकथाकारांनी हा फरक शेवटपर्यंत जपला, त्यांचेच खलनायक टिकले आहेत.

या वाटेवरचा एक जुना टप्पा सुपरहीरोंच्या शेजारच्या प्रांतातला आहे. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी १९६३ मध्ये ‘एक्स-मेन’च्या पहिल्याच अंकात मॅग्नेटो आणला, तेव्हा तो जग जिंकायला निघालेला ठोकळेबाज दुर्जन होता. पुढच्या वर्षी त्याने आपली टोळी जमवली आणि तिचे नाव चक्क ‘दुष्ट म्यूटंटांचा बंधुसंघ’ असे ठेवले. स्वतःला दुष्ट म्हणवून घेणारा माणूस जगात शोधून सापडणार नाही. पण त्या काळच्या चित्रकथेत तो खपून जात असे. १९८१ मध्ये, मालिकेच्या १५०व्या अंकात, लेखक ख्रिस क्लेअरमाँट यांनी या माणसाला ऑशविट्झच्या छळछावणीतून वाचलेला मुलगा केले. त्याच अंकात मॅग्नेटो रागाच्या भरात किटी प्राइड या तेरा वर्षांच्या मुलीवर वार करतो आणि ती कोसळल्यावर हादरून थांबतो. आपल्यावर जे झाले तेच आपण एका लेकरावर करत आहोत, हे त्याला तिच्या निपचित देहाकडे पाहून कळते. क्लेअरमाँट यांची कामगिरी ऑशविट्झच्या उल्लेखापुरती नाही. छावणीची आठवण आणि कोसळलेली मुलगी त्यांनी एकाच अंकात समोरासमोर ठेवली, हे खरे कसब.

त्यानंतर भूतकाळाची सवय लागली. ‘डेमन स्लेअर’ या कोयोहारू गोतोगे यांच्या मालिकेत (२०१६ ते २०२०, २३ खंड) तिची पद्धतच झाली : राक्षस मरायला टेकला की त्याला आपले माणूसपण आठवते. अकाझा हा राक्षस त्यातला सर्वांत प्रभावी. आजारी बापाच्या औषधासाठी चोऱ्या करणारा पोर, मुलाला चोर व्हावे लागले म्हणून गळफास घेणारा बाप, पुढे विहिरीत विष कालवून मारली गेलेली त्याची वाग्दत्त वधू. वाचताना घशात आवंढा येतो. पण एकामागून एक राक्षस असेच मरू लागतात, तेव्हा वाचकाला पान उलटण्याआधीच आसवांची वेळ कळू लागते. गोतोगे यांनी एक निर्णय मात्र फार विचाराने घेतला आहे. सर्व राक्षसांचा मूळ पुरुष मुझान यालाही भूतकाळ आहे. तो आजारी जन्मला, मरणाला भ्यायला आणि आपल्यावर उपचार करणाऱ्या वैद्यालाच त्याने मारले. तरी त्याच्या वाट्याला करुणेचे एकही पान येत नाही. मालिका संपल्यावर अनेक राक्षसांची दुःखे एकमेकांत मिसळून जातात. मुझानचा कोरडेपणा लक्षात राहतो.

या साऱ्या प्रश्नाचा सर्वांत समृद्ध अभ्यास हायाओ मियाझाकी यांच्या ‘नाउसिका’त आहे. त्यांचा १९८४चा चित्रपट अनेकांनी पाहिलेला असतो. मूळ चित्रकथा मात्र त्यामानाने कमी वाचली जाते. ‘ॲनिमेज’ मासिकात ती फेब्रुवारी १९८२ मध्ये सुरू झाली आणि मार्च १९९४ मध्ये संपली. मध्ये चित्रपटांसाठी ती वारंवार थांबत राहिली. एकूण सात खंड. चित्रपट निघाला तेव्हा कथेचा जेमतेम आरंभीचा भाग लिहून झाला होता, आणि याचा सर्वांत मोठा फटका कुशानाला बसला.

चित्रपटातली कुशाना ही टोरुमेकिया राज्याची आक्रमक सेनानी आहे. तिचे सैन्य नायिका नाउसिकाच्या वाऱ्याच्या खोऱ्यात घुसते, नाउसिकाच्या वडिलांना मारते, आणि कुशाना विषारी अरण्य जाळण्यासाठी प्राचीन अग्निदैत्य जागवते. कीटकांनी तिचा हात तोडला आहे, त्या जागी धातूचा हात आहे. म्हणजे तिची कैफियत तिच्या शरीरावरच जडवून दिली आहे. चित्रकथेतल्या कुशानाचे शरीर धडधाकट आहे आणि खोरे ती जिंकून घेत नाही. पण अग्निदैत्याच्या शोधात पेजिते हे शहर तिच्याच फौजेने बेचिराख केले आहे आणि वाचकाला हे अगदी सुरुवातीला कळते. मग हळूहळू तिच्या घरचे चित्र उघडते. तिच्यासाठी ठेवलेला विषाचा पेला तिच्या आईने प्यायला आणि ती वेडी झाली; आता ती एका बाहुलीला आपली लेक समजून जपते. बाप आणि भाऊ कुशानाला रणांगणावर मरायला पाठवतात. तिने घडवलेली लाडकी तिसरी फौज तिच्यापासून तोडून दुसरीकडे खर्ची घालतात.

मियाझाकी यांनी हा भूतकाळ एका दमात सांगितला नाही. तो शेकडो पानांत पसरला आहे आणि दर वेळी तो कुशानाच्या एखाद्या कृतीला चिकटून येतो. वेढ्यात सापडलेल्या आपल्या शिपायांकडे ती पोहोचते, तेव्हा नाउसिका तिच्या बाजूने घोड्यावर बसायला तयार होते, पण पकडलेल्या शत्रूपक्षाच्या, म्हणजे दोरोकांच्या, बायका-मुलांना सोडण्याच्या अटीवर. त्या चढाईत नाउसिकाला वाचवताना शिपाई मरतात. नायिकेच्या अंगावरही रक्त उडते आणि खलनायिकेच्या हातून काही जीव वाचतात. बारा वर्षे चाललेल्या या कथेच्या काळात सोव्हिएत संघ कोसळला, युगोस्लाव्हियात युद्ध पेटले. पानापानावर लेखकाची समजही खोल होत गेलेली दिसते. शेवटी कुशाना गादीवर बसत नाही. ती राज्याचा कारभार पाहते आणि टोरुमेकिया राजाविना राहते. पेजितेचा हिशेब कोणी चुकता केला असे मियाझाकी म्हणत नाहीत. तिला मुकुट मात्र मिळत नाही.

याच कथेत मिरालुपा हा दोरोकांचा धर्मसम्राट आहे, क्रूर आणि भयग्रस्त. त्याच्याबद्दल एक तपशील ओघात येतो : राज्यावर आल्यानंतरची पहिली वीस वर्षे तो प्रजेचे दुःख दूर करू पाहणारा चांगला राजा होता, लोक सुधारत नाहीत हे पाहून तो आधी थकला आणि मग त्यांचा द्वेष करू लागला. दुःखी बालपणापेक्षा हे कारण कितीतरी अस्वस्थ करणारे आहे. आपण ज्यांना चांगले म्हणतो त्यांच्यातूनच हा रस्ता निघतो, आणि त्यासाठी जळालेले गाव लागत नाही.

केंतारो मिउरा यांच्या ‘बर्सर्क’मधला ग्रिफिथ नेमका उलट्या क्रमाने घडवलेला आहे. १९८९ मध्ये कथा सुरू होते ती गट्स या एकाकी, सूडाने पेटलेल्या तलवारबाजापासून. ज्याच्यावर सूड घ्यायचा तो पंखांचा, काळ्या शिरस्त्राणाचा असुर वाचकाला सुरुवातीच्या भागातच दिसतो. मग मिउरा कित्येक खंड मागे जातात आणि तोच ग्रिफिथ माणूस असताना दाखवतात : देखणा, हळुवार, सामान्य घरात जन्मून स्वतःचे राज्य मिळवण्याचे स्वप्न पाहणारा, भाडोत्री सैनिकांच्या तुकडीचा लाडका सेनापती. शेवट माहीत असूनही वाचक त्याच्या प्रेमात पडतो. तुरुंगात वर्षभर छळून त्याला लुळापांगळा केले जाते, तेव्हा त्याच्यासाठी जीव तुटतो. आणि मग ग्रहणाच्या रात्री, स्वप्न परत मिळावे म्हणून, तो आपल्या सर्व साथीदारांचा बळी देतो.

तो बळी मिउरा झटक्यात उरकत नाहीत. मरणारा प्रत्येक जण वाचकाच्या ओळखीचा आहे; कोण विनोद करायचा, कोण कुरकुर करायचा, कोण कोणावर जीव टाकायचा, हे सारे खंडच्या खंड वाचून झाले आहे. तुकडीतल्या कास्का या स्त्रीवर ग्रिफिथने केलेला अत्याचारही कथा विसरू देत नाही. तिचे हरवलेले भान पुढची कित्येक वर्षे वाचकासमोर राहते. त्यानंतर ग्रिफिथ पुन्हा मानवी देह घेऊन येतो आणि फाल्कोनिया हे नगर वसवतो. राक्षसांनी भरलेल्या जगात माणसे सुरक्षित आहेत अशी ती जागा आहे. निर्वासितांना तिथे खरोखरच अन्न आणि आसरा मिळतो. वाचकाला त्या नगरात राहावेसे वाटते आणि त्याच वेळी ते कशावर उभे आहे हेही माहीत असते. पुनर्जन्मानंतरच्या ग्रिफिथच्या मनात वाचकाला जवळजवळ प्रवेशच नाही, हेही चित्रकथेचे खास साधन. कादंबरीकाराला असे मौन सांभाळायला कसरत करावी लागते. चित्रकाराने विचारांचा फुगा काढलाच नाही की समोर उरतो फक्त एक सुंदर, न वाचता येणारा चेहरा. मिउरा मे २०२१ मध्ये वयाच्या ५४व्या वर्षी गेले. त्यांनी सांगून ठेवलेली कथा २०२२ पासून त्यांचे जुने मित्र कोजी मोरी आणि मिउरांच्या स्टुडिओतले सहकारी पुढे नेत आहेत. ग्रिफिथचा निकाल अजून लागायचा आहे.

चौकटीच्या आकाराचाही यात वाटा असतो. हाजिमे इसायामा यांच्या ‘अटॅक ऑन टायटन’मध्ये (२००९ ते २०२१, ३४ खंड) सर्वांत मोठा गौप्यस्फोट ४२व्या प्रकरणात आहे. मानवजातीची तटबंदी फोडणारा महाकाय आपणच, हे रायनर हा विश्वासू सहकारी सहज गप्पांच्या ओघात सांगून टाकतो. पानभर चित्र नाही, किंचाळणारी अक्षरे नाहीत. वाचक वाक्य ओलांडून पुढे जातो आणि दचकून मागे येतो. खलनायक असा ओळखीच्या माणसाच्या आवाजात बोलला की त्याला राक्षस म्हणून बाजूला ढकलता येत नाही. पुढे कथा समुद्रापलीकडे जाते आणि रायनरचे लहानपण उलगडते : दंडावर ओळखपट्टी बांधून वस्तीत कोंडलेले लोक, आणि आईवडील एकत्र यावेत या आशेने सैनिक होणारा मुलगा. इसायामा तिथल्या मुलांची आधी वाचकाशी नीट ओळख करून देतात, मगच नायक एरेन त्यांच्या शहरावर तुटून पडतो. दगडाखाली चिरडलेली त्यांच्यातली झोफिया ‘शत्रूची मुलगी’ राहत नाही.

म्हणूनच या कथेच्या शेवटावर उसळलेला वाद समजून घेण्यासारखा आहे. एरेनने जगातली ऐंशी टक्के माणसे मारली. शेवटच्या प्रकरणात त्याचा मित्र आर्मिन त्याचे आभार मानतो. एप्रिल २०२१ मध्ये या वाक्यावर जगभरातले वाचक संतापले, आणि तो संताप रास्त होता. इतकी वर्षे जपलेला तोल एका वाक्यात गेला; कैफियतीचे बोलणे माफीत घसरले. नोव्हेंबर २०२३ मध्ये ॲनिमेचा शेवटचा भाग आला, तेव्हा इसायामा यांच्या सहभागाने हा संवाद बदललेला होता. त्यात आर्मिन पापातला आपला वाटा कबूल करतो आणि नरकातही आपण सोबत असू म्हणतो. माया तीच, पण गुन्ह्याचे ओझे आता कुणाच्याही खांद्यावरून उतरत नाही. दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून वाचणे हा लिहिणाऱ्यासाठी उत्तम धडा आहे.

भारतीय चित्रकथेत हा खलनायक उशिरा आला. सामग्री कमी होती असे नाही. भासाच्या ‘ऊरुभंग’ नाटकात मांड्या मोडलेल्या दुर्योधनाच्या मांडीवर बसायला त्याचा लहानगा दुर्जय येतो. विमलसूरींनी महाराष्ट्री प्राकृतात लिहिलेल्या ‘पउमचरिय’त रावण राक्षस नाही, विद्याधर आहे, त्याच्या गळ्यातल्या हारातील नऊ रत्नांत त्याचा चेहरा उमटतो, म्हणून तो दशमुख. कोणत्याही चित्रकाराला हात शिवशिवावेत अशी ही प्रतिमा!

अडचण जागेची होती. १९६७ मध्ये अनंत पै यांनी मुंबईत सुरू केलेल्या ‘अमर चित्र कथा’ने कित्येक पिढ्यांना पुराणे दाखवली, पण एका अंकाला साधारण ३२ पाने. तेवढ्यात जन्म, वर, उन्माद आणि वध बसवायचा, तर खलनायक पहिल्याच चौकटीत ओळखू यायला हवा. म्हणून राक्षस बहुधा गडद वर्णाचे, सुळ्यांचे, स्थूल. या रंगवाटपावर अभ्यासकांनी टीका केली आहे आणि ती योग्यच आहे. त्वचेच्या रंगावरून पात्राची नीती ठरवणारी ही सवय मुलांच्या मनात खोल जाते. राज कॉमिक्सचा ‘नागराज’ १९८६ मध्ये आला, त्याचे सुरुवातीचे अंक पुण्याच्या प्रताप मुळीक यांनी चितारले. या नायकाचा जन्म मात्र विलक्षण करडा आहे : प्रोफेसर नागमणीने त्याला गुन्हेगारांना भाड्याने देण्याचे हत्यार म्हणून घडवले होते, बाबा गोरखनाथांनी त्याला मोकळे केले. पण पहिल्याच अंकात तो शुद्ध होऊन सज्जनांच्या बाजूला उभा राहिला आणि त्या आधीच्या आयुष्याचा प्रश्न मिटला. २०११च्या सुमारास ‘रावणायन’सारखे प्रयत्न झाले, ज्यांत रावण कथेच्या मध्यभागी आला.

या साऱ्यांपेक्षा वेगळी वाट अमृता पाटील यांनी काढली. पुण्यात जन्मलेल्या आणि गोव्यात वाढलेल्या या चित्रकर्तीने ‘आदिपर्व’ (२०१२) नंतर ‘सौप्तिक’ (२०१६) लिहिले-रंगवले आणि सांगण्याचे काम दिले थेट अश्वत्थाम्याकडे. महाभारतात याहून करडा माणूस मिळणे अवघड आहे. त्याच्या बापाला युधिष्ठिराच्या अर्धसत्याने शस्त्र खाली ठेवायला लावून मारले गेले. तक्रार न्याय्य आहे. त्यानंतर त्याने रात्री छावणीत शिरून धृष्टद्युम्नाला शस्त्राने मरण्याचा मानही न देता तुडवून मारले, द्रौपदीची झोपलेली पाच मुले कापली आणि उत्तरेच्या गर्भावर अस्त्र सोडले. भागवतात द्रौपदी त्याचा जीव वाचवते. आपल्यासारखी त्याची आईही रडू नये म्हणून. त्याच्या कपाळावरचा मणी मात्र कापून काढला जातो.

महाराष्ट्राने हा माणूस आपल्या पद्धतीने सांभाळला आहे. कपाळाच्या जखमेसाठी तेल मागत फिरणारा अश्वत्थामा घरोघरी माहीत असतो. नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्यातल्या अस्तंबा डोंगरावर दिवाळीच्या सुमारास त्याची यात्रा भरते. वाट चुकलेल्यांना तो रस्ता दाखवतो, अशी श्रद्धा आहे. लेकरे मारणाऱ्याला लोकांनी देवही केले आणि त्याची जखम बरीही होऊ दिली नाही. अराकावा यांनी २७ खंडांत जे साधले ते इथल्या लोककथेत आधीपासून तयार आहे.

त्यावर मराठीत लांब पल्ल्याची अद्भुतरम्य चित्रकथा करायची, तर लागतील पाने : ३२ नव्हेत, निदान काही शे. पाच मुलांना नावे द्यावी लागतील. महाभारतात ती आहेतच : प्रतिविंध्य, सुतसोम, श्रुतकर्मा, शतानीक, श्रुतसेन. पण त्यांना चेहरे, भांडणे, आवडीनिवडी देऊन छावणीच्या त्या रात्रीआधी वाचकाला त्यांच्यासोबत बरीच पाने घालवू द्यावी लागतील. आणि चित्रकाराला पहिल्याच दिवशी ठरवावे लागेल की वाचकाला आधी डोंगरवाटेवर तेल मागणारा म्हातारा भेटवायचा, की शिबिराच्या दारात उभा असलेला तरुण.